वन्स मोअर पावणेसातला

२०१५च्या दिवाळीत आमच्या नानामामांनी मल्टिप्लेक्समध्ये वन्स मोअर दिला.

मामा सांगलीचे. पाटबंधारे खात्यातून केव्हाच निवृत्त झाले, संगीत नाटकातून व्हायला तयार नाहीत. भाऊबीजेला आईकडे आले होते आणि त्याच आठवड्यात 'कट्यार काळजात घुसली' हा सिनेमा लागला होता. मूळ नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, चाली अभिषेकीबुवांच्या. १९६७च्या डिसेंबरात रंगभूमीवर आलं आणि मामांनी ते वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबांसह अकरा वेळा पाहिलं. अकरा हा आकडा ते कोणीही न विचारता सांगतात. तेव्हा सिनेमाला ते कसे बसले असतील? मुलाकडची आत्या मुलगी बघायला येते आणि कांदेपोह्यांची बशी हातात घेऊन भिंतीवरच्या ओलीकडे बघते, तसे.

पण पहिल्या अर्ध्या तासात आत्या विरघळली. मान डोलायला लागली, खुर्चीच्या हातावर बोटं पडायला लागली. शेजारच्या मुलीचा पॉपकॉर्न त्याच हातावर होता, तो मामांनी त्रितालात थोडा सांडलाही. एक पद संपलं, समेवर आलं, आणि मामांनी उजवा हात वर करून, बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतून रंगमंचापर्यंत पोचवायची सवय असलेल्या आवाजात, हाक दिली, "वन्स मोअर!"

सिनेमा पुढे गेला.

मामांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. दुसरी हाक दिली. पडद्यावर तोवर रात्र संपून सकाळ झाली होती. बॅटरी घेऊन एक पोरगा आला. "काय झालं आजोबा? काही हवंय का?"

"वन्स मोअर दिलाय."

पोराने खिशातून मोबाईल काढला, बोटाने वर-खाली केलं आणि अत्यंत नम्रपणे सांगितलं, "पावणेसातला आहे आजोबा. स्क्रीन तीन."

मध्यंतरापर्यंत मामा बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "अरे बाब्या, वन्स मोअरला पुन्हा तिकीट?" आणि पावणेसातच्या खेळाला परत जाऊन बसले. तिकीट मी काढलं. भाच्याने मामाचं ऋण कशा ना कशा रूपाने फेडावंच लागतं.

वन्स मोअर हा शब्दच मोठा मजेदार आहे. इंग्रज माणसाला गाणं पुन्हा हवं असलं की तो 'आँकोर' ओरडतो, म्हणजे फ्रेंच बोलतो. खुद्द फ्रेंचांना पुन्हा हवं असलं की ते 'बिस' ओरडतात, ते लॅटिन. आणि आम्ही ओरडतो वन्स मोअर. गाणं परत मागायला प्रत्येकाला शेजाऱ्याची भाषा लागते. साखर मागायला जातात तसंच काहीसं असावं, आपल्या घरात असली तरी संकोच वाटतो.

मामांच्या मते वन्स मोअर म्हणजे दाद नव्हे, तो हक्क आहे. दाद म्हणजे 'वा'. ती फुकट असते, फार तर शेजारच्या बाई वळून बघतात. वन्स मोअर दिला की नाटक थांबतं. राजा सिंहासनावर, सेनापती तलवार उपसून, दूत निरोप सांगायला दारात उभा, आणि सगळे तिसऱ्या रांगेतल्या पाटबंधारे खात्याच्या एका ज्येष्ठ लिपिकाच्या इच्छेखातर खोळंबलेले. नोकरीत मामांसाठी कधी कोणी थांबलं नव्हतं. तीस वर्षांत एक कालवा सोडला तर त्यांच्या सहीने काही अडलं नव्हतं. म्हणून असेल, त्यांनी हा अधिकार फार जपून वापरला. एका प्रयोगात दोनच. तिसरा दिला तर गायक नट त्या माणसाकडे कर्ज मागायला आल्यासारखा बघतो, असं ते सांगतात.

आणि नाटकालाही घाई नसे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' उभं केलं, त्यात पदंच होती दोनशेच्या आसपास. आता हिशेब करा. शकुंतलेला सासरी पाठवायची तर ती गाणार, मैत्रिणी गाणार, कण्व गाणार, आणि वर प्रेक्षक वन्स मोअर देणार. दुर्वासांच्या शापाने दुष्यंत तिला विसरला म्हणतात. मला वाटतं, ती पोचेपर्यंत इतका उशीर झाला की कोणीही विसरलं असतं.

रंगमंचावरच्या गाण्याची एक गंमत सिनेमाला अजून जमलेली नाही. तिथे साथीदार दिसतात. नायिका घनदाट अरण्यात एकटी, परित्यक्ता, वाघाची डरकाळी नुकतीच विंगेतून येऊन गेलेली, आणि तिच्यापासून आठ फुटांवर ऑर्गनवाले पाय मारत बसलेले. तबलजी हातोडीने ठोकून तबला मिळवतोय. नायिका म्हणते, मला या जगात कोणी नाही, आणि ऑर्गनवाले तिला काळी दोनचा सूर देतात. प्रेक्षकांना हे दिसतं, नायिकेला दिसत नाही, आणि कोणाचंच काही बिघडत नाही. सिनेमात तीच नायिका खऱ्या अरण्यात असते. झाडं खरी, पाऊस निम्मा खरा, आणि साथीदार मात्र गायब. मग चाळीस व्हायोलिनं वाजायला लागतात. कुठून वाजतात? नानामामांनी पावणेसातच्या खेळाला हाच प्रश्न जरा मोठ्याने विचारला होता. झाडामागे बसले असतील म्हणावं, तर एवढी झाडं नव्हती.

दुसरी गोष्ट जवळून दिसण्याची. नाटकात चौदाव्या रांगेतून गायकाचा चेहरा हा एक ढोबळ अंदाज असतो. फेटा कुठे संपतो आणि मिशा कुठे सुरू होतात एवढं कळलं की पुरे, बाकीचं काम आवाज करतो. पडद्यावर गायकाचं तोंड दोन मजली. तान सुरू झाली की आपण आधी दाढा मोजतो, मग पडजीभ बघतो, आणि तान संपल्यावर लक्षात येतं की ऐकायचीच राहिली.

शिवाय तोंड एकाचं आणि गळा दुसऱ्याचा असला की मामांसारख्या माणसाची पंचाईत होते. सिनेमात खाँसाहेब होते सचिन पिळगावकर, आवाज राहुल देशपांड्यांचा. आता राहुल हे वसंतरावांचे नातू, आणि त्या आधी नाटकाच्या नव्या संचात त्यांनी स्वतःच खाँसाहेब रंगवलेला. म्हणजे भूमिका आजोबांची, गळा नातवाचा, ओठ तिसऱ्याचे. मामा म्हणाले, "वन्स मोअर मंजूर झाला असता तरी नक्की कोणी घ्यायचा?" प्रश्न खरोखर कायदेशीर आहे.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून आपल्याकडे पुलंनी 'ती फुलराणी' केली, त्याच्या कितीतरी आधी तिकडे त्याचं संगीतक झालं, 'माय फेअर लेडी'. १९५६ साली ब्रॉडवेवर त्यातली फुलवाली होती ज्युली अँड्र्यूज, जिच्या गळ्यासाठीच लोक यायचे. १९६४ साली सिनेमा केला तेव्हा निर्मात्यांना जास्त ओळखीचा चेहरा हवा होता, म्हणून ऑड्री हेपबर्न आली. तिची बहुतेक गाणी गायली मार्नी निक्सन नावाच्या बाईने. ह्या बाईंनी याआधी डेबोरा कर आणि नॅटली वुड यांनाही गळा पुरवला होता. जगाने त्यांना ऐकलं, पाहिलं मात्र 'साउंड ऑफ म्युझिक'मध्ये, एका जोगिणीच्या वेषात. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर चेहरा दाखवायला मिळाला, तोही कपाळापासून हनुवटीपर्यंत कापडात गुंडाळून.

'माय फेअर लेडी'तला नायक रेक्स हॅरिसन मात्र अडून बसला. तो पदं अर्धी बोलायचा, अर्धी गायचा, आणि म्हणायचा की मी एकच गाणं दोनदा सारखं म्हणूच शकत नाही, तेव्हा आधी ध्वनिमुद्रण करून मागाहून ओठ हलवणं मला जमणार नाही. शेवटी त्याच्या टायमध्ये बिनतारी माइक लपवला. मामांना हे सांगितलं तर ते हेलावले. "आपल्यातलाच दिसतो," म्हणाले. फरक एवढाच, की हॅरिसनला बेताचं गाता येत होतं म्हणून गाणं दर वेळी वेगळं व्हायचं, आणि आपल्या लोकांना बेताचं गाता येत नव्हतं म्हणून.

आता बालगंधर्वांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, मामा वाचणार आहेत. १९३५ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, बालगंधर्व 'प्रभात'च्या बोलपटात आले. व्ही. शांतारामांनी त्यांना संत एकनाथ केलं. सिनेमाचं नाव आधी 'महात्मा' होतं, सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले, म्हणून 'धर्मात्मा' झालं. ज्याच्या शालूची आणि पदर घेण्याच्या ढबीची घरंदाज बायकांनी नक्कल केली, त्या माणसाला इथे धोतर नेसवून उभं केलं. पुढे १९३७ साली बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषात आले, पण कॅमेरा हा चौदाव्या रांगेत बसणारा सद्गृहस्थ नव्हे. तो येतो थेट नाकापाशी आणि वय विचारतो. बालगंधर्व रंगभूमीवर परत गेले.

मला यात चेहऱ्यापेक्षा वेगळंच काही दिसतं. ज्या माणसाने एकेक पद लोकांच्या आग्रहाखातर पुन्हा पुन्हा, दर वेळी नव्या जागा घेत म्हटलं, तो स्टुडिओत उभा आहे. समोर माणसं आहेत, पण सगळी कामात. कोणी दिवा धरलाय, कोणी फळा. पद संपतं. शांतता. आणि मग अंधारातून आवाज येतो, "पुन्हा!"

क्षणभर त्यांना बरं वाटलं असेल.

कारण नाटकात चांगलं झालं की पुन्हा म्हणायला सांगतात आणि सिनेमात वाईट झालं की. एकाला वन्स मोअर म्हणतात, दुसऱ्याला रीटेक. शब्द वेगळे, क्रिया तीच, आणि अर्थ मात्र लग्नाच्या पंगतीतला आग्रह आणि परीक्षेतली एटीकेटी यांच्यात असतो तेवढा दूर. जन्मभर पहिल्या 'पुन्हा'वर जगलेल्या कलावंताने दुसरा 'पुन्हा' ऐकून काय करायचं? असं प्रत्यक्ष घडलं असा माझा दावा नाही. मी फक्त त्या जागी मामांना उभं करून बघितलं, आणि मला घाम फुटला.

'साउंड ऑफ म्युझिक'च्या सुरुवातीला ज्युली अँड्र्यूज डोंगरमाथ्यावर गिरकी घेते ना, तिथेही रीटेकच. चित्रण हेलिकॉप्टरमधून चाललं होतं, आणि प्रत्येक वेळी ते वळून जाताना त्याच्या पंख्याच्या वाऱ्याने बाई गवतात आडव्या व्हायच्या. हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलंय. पडद्यावर आपल्याला दिसतो तो आनंदाने हात पसरलेला निसर्ग. पडद्याबाहेर तोंडातलं गवत काढत उठणारी बाई. रंगमंचावर डोंगर कापडाचा असतो आणि मागून कोणी चहा घेऊन गेलं की हलतो. पण पडलाच तर डोंगर पडतो, गायिका उभी राहते.

हेच 'साउंड ऑफ म्युझिक' नाटक म्हणून २०२३ साली मुंबईत, बीकेसीतल्या नव्या भव्य नाट्यगृहात आलं होतं. मुलीने हट्टाने नेलं. एका तिकिटाच्या पैशात किर्लोस्कर मंडळी एक वेळ जेवली असती. तिथे एक शोध लागला. आवडत्या गोष्टींची यादी देणारं ते गाणं सिनेमात मारिया गडगडाटाला घाबरलेल्या पोरांना ऐकवते. नाटकात ती ते मठातल्या मोठ्या बाईंबरोबर गाते, पोरांचा पत्ताच नाही. मी बायकोला कुजबुजत म्हणालो, "चुकीच्या जागी घेतलं." प्रत्यक्षात नाटक १९५९चं, सिनेमा १९६५चा. पण जे आधी पाहिलं ते मूळ, नंतर पाहिलेली ती नक्कल. एरवी याच चुकीसाठी मी मामांना हसतो.

रात्री मामांचा फोन. "किती वन्स मोअर झाले?"

"एकही नाही मामा. पण शेवटी सगळे उभे राहिले."

"उभं राहून काय केलं?"

"टाळ्या वाजवल्या."

"मग?"

"मग घरी आलो."

"म्हणजे घरी जायचं होतं म्हणून उठले," मामा म्हणाले आणि फोन ठेवला.

सिनेमावाल्यांनाही प्रत्यक्ष गाण्याची हूक अधूनमधून उठते. २०१२च्या 'ले मिझेराब्ल'मध्ये दिग्दर्शकाने नटांना चित्रण चालू असतानाच गायला लावलं. कानात बारीक यंत्र, त्यातून पियानोचा सूर, आणि अख्खा वाद्यवृंद नंतर भरलेला. याचा तेव्हा फार गाजावाजा झाला. गायक आधी आणि साथीदार मागाहून, यात नवल ते काय? सांगलीला गणपतीच्या कार्यक्रमात आमचा तबलजी नेहमीच मागाहून यायचा. 'विकेड'ची तर वेगळीच तऱ्हा. रंगमंचावर अख्खं नाटक मध्यंतर धरून पावणेतीन तासांत आटोपतं. २०२४ साली सिनेमा आला तो तेवढ्याच लांबीचा, आणि तो फक्त मध्यंतरापर्यंतचा. उरलेल्यासाठी एक वर्ष थांबायचं. वर अमेरिकेतल्या काही थिएटरांत सूचना, की प्रेक्षकांनी सोबत गाऊ नये. हे मात्र मला पटलं. गाणं पाठ असणं हा पुरावा आहे, परवाना नव्हे.

कारण नाटकातल्या माझ्या दुःखाचं मूळ तेच आहे. संगीत नाटकाला माझ्या मागे नेहमी एक गृहस्थ असतात. ते पद म्हणत नाहीत, पदाच्या अर्धी मात्रा पुढे गुणगुणतात. म्हणजे गायकाची तान कुठे जाणार हे मला आधी यांच्याकडून कळतं आणि मग रंगमंचावरून दुजोरा मिळतो. त्यांच्या शेजारी बाई असतात, त्यांच्या पर्समध्ये आवळासुपारी असते, आणि ती अशा कागदात असते की तो फक्त आलापीतच उलगडतो. वातानुकूलन एका अंकाला चालतं आणि एका अंकाला विश्रांती घेतं. डास ताल सोडत नाहीत. 'कट्यार'मध्ये राजगायकाला कट्यार मिळते आणि त्या कट्यारीने केलेला एक खून माफ असतो. दारव्हेकरांना ही कल्पना कशी सुचली मला ठाऊक नाही, पण ते प्रेक्षागृहात मागच्या रांगांत बसले असावेत असा माझा संशय आहे.

पण प्रयोग जुना झाला की ह्याच गृहस्थांच्या आठवणींत त्याचं काय होतं बघा. ८ जुलै १९२१ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र आले आणि 'संयुक्त मानापमान' झालं. गंधर्वांची भामिनी, केशवरावांचा धैर्यधर. मामांचे वडील त्या प्रयोगाला होते. मामांच्या शेजाऱ्यांचे वडीलही होते. सांगलीत माझ्या ओळखीच्या एकूण एक घरातलं कोणी ना कोणी होतं. बेरीज केली तर तो प्रयोग आझाद मैदानावर घ्यायला लागला असता. त्या रात्रीचं कसलंही मुद्रण नाही, म्हणून तो प्रयोग दर वर्षी थोडा थोडा सुधारत गेलाय. मामांच्या लहानपणी त्यात आठ वन्स मोअर होते. परवा विचारलं तेव्हा चौदा झाले होते. सिनेमाला ही सोय नाही. तो डबा उघडला की तसाच्या तसा निघतो, आणि पूर्वी किती छान वाटला होता हे सांगणारा माणूस तोंडावर पडतो.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत... नाही, २०२५चा जानेवारी म्हणतो, म्हणजे हा लेख कधीही वाचला तरी चालेल. तेव्हा तेच 'संगीत मानापमान' सिनेमा होऊन आलं. खाडिलकरांचं नाटक १९११चं. त्याला पडद्यावर यायला एकशे चौदा वर्षं लागली. मामा आले, बघितलं, हात वर केला नाही. मध्यंतरात बॅटरीवाल्या पोराने आपणहून विचारलं, "आजोबा, काही हवंय?" मामा म्हणाले, "नको. रात्री जागरण होत नाही आता."

त्यानंतर काही महिन्यांनी एका हौशी संस्थेने 'मानापमान'चा प्रयोग लावला. नाट्यगृह निम्मं भरलेलं, साडेनऊला तिथेच दुसरं नाटक. भामिनी झालेली मुलगी पंचविशीची असेल, दागिने किंचित मोठे, आवाज मात्र खणखणीत. पहिलं मोठं पद संपलं आणि माझ्या शेजारून, शहाऐंशी वर्षांच्या छातीतून, ती हाक गेली.

मुलगी चमकली. तिने विंगेकडे पाहिलं. विंगेत व्यवस्थापक मनगटावरच्या घड्याळाला बोट लावून उभे होते, ते आम्हालाही दिसत होते. तिने ऑर्गनवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि सूर धरला. पद पुन्हा सुरू झालं. या वेळी तिने धाडस केलं, एक नवीच जागा घ्यायला निघाली, तार षड्जाकडे चढली, आणि तिथे आवाज चिरकला.

सगळं थांबलं. तबलजीचा हात अधांतरी. मागचे गृहस्थ, जे अर्ध्या मात्रेने पुढे होते, तेही गप्प. कोणाला काही सुचेना.

"रीटेक!" मामा ओरडले.

अख्खं थिएटर हसलं. भामिनी पदर तोंडाला लावून हसली, ऑर्गनवाल्यांचा पाय थांबला, विंगेतल्या व्यवस्थापकांनी घड्याळवाला हात खाली घेतला. मग तिने पाण्याचा घोट घेतला. भामिनीच्या महालात स्टीलचं फुलपात्र कुठून आलं हे कोणी विचारलं नाही. तिने पद तिसऱ्यांदा घेतलं. तार षड्जावर गेली, आणि तिथे चांगली ऐसपैस बसली.

नाटक सुटल्यावर मी रिक्षा बघत होतो, तर मामा शेजारी नाहीत. परत आत गेलो. ते तिकीटविक्रीच्या खिडकीपाशी काठी टेकून उभे होते.

"पुढचा खेळ पावणेसातला का?"

"पुढचा?" खिडकीतल्या माणसाने रजिस्टर मिटलं. "तारीख मिळाली तर दिवाळीनंतर, आजोबा. नक्की नाही. नंबर देऊन ठेवा, कळवतो."

मामांनी नंबर दिला. सांगलीचा, लँडलाइनचा, पाच आकड्यांच्या काळातला. मी तो खोडून माझा लिहिला.